टाकणं आणि फेकणं

त्या घरात टाकणं आणि फेकणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. फेकलेली वस्तू खाली जिन्याजवळच्या कचऱ्याच्या पेटीत जायची. टाकलेली वस्तू थोरलीच्या खणात जायची. घरातल्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण जगावेगळं काही बोलतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. थोरलीचा नवरा सकाळी कामावर निघताना म्हणायचा, "पेन संपलं, टाकतोय गं," आणि खिडकीजवळच्या टेबलाचा खण उघडून पेन आत सोडायचा. कंगव्याचे दात पडले, टाका. बॅटरीची काच निखळली, टाका. सासऱ्यांनी तर एकदा आपला पडलेला दातही पुढे केला होता, टाकू का म्हणून. तेवढा मात्र थोरलीने नको म्हटला.

ही भाषा सुरू झाली सासूबाईंपासून. थोरली नवी नवरी होती, तेव्हा न्हाणीघरातला बल्ब गेला. सासूबाईंनी तो काढून नव्या सुनेच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "टाकून दे गं." आता ही रफूवाल्याची लेक. तिच्या माहेरी दोरा तुटला तरी त्याचा तुकडा जपून ठेवायचे. इतका गोल, गुळगुळीत, कुठे ओरखडा नसलेला बल्ब पेटीत टाकायला तिचा हात धजेना, आणि सासूला नाही म्हणायची छाती होईना. तिने तो गुपचूप खणात सरकवला. पुढे थंडीत सासूबाईंचा मोजा टाचेला विरला, तेव्हा तिने तो त्याच बल्बावर चढवून असा रफू केला की भोक कुठे होतं ते सासूबाईंना सापडेना. बल्ब बघितल्यावर त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. "आमची सून बघा, ही असं टाकते," असं येईल त्याला सांगत सुटल्या. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण बल्ब आणि शब्द दोन्ही वापरात होते.

थोरलीचं सगळं काम त्या खिडकीत चालायचं. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला कपडे आणून द्यायचा. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणाची पँट खिळ्याला अडकून फाटलेली. ती त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि भोकावर उभे-आडवे विणून टाकायची. विकतचं हत्यार तिच्याकडे सुईशिवाय एक नव्हतं. साबणाच्या वाळक्या चिपेने खुणा करायच्या. टाचण्या खाली सांडल्या की जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवायचं. बूटपॉलिशच्या डबीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबलेली, तिच्यात सुई दोनदा खुपसली की टोक परत लखलखीत. तुटक्या कंगव्याने विणलेले धागे ठोकून बसवायचे. एक्स-रेच्या काळ्या फिल्मचे तुकडे कॉलरच्या मापाने कापलेले होते. आणि सायकलच्या तारेचं टोक घासून केलेला एक आकडा होता, बारीक, धागा आत ओढायला. या सगळ्यांचा राजा म्हणजे बल्ब. तो जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेला असे.

थोरली तोंडाने फटकळ होती, आणि कौतुक कुणी केलं की नाक मुरडायची. पण कुणी निकामी वस्तू हातात घेऊन तिच्यापुढे उभं राहिलं, की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते लपत नसे. तिला दागिने नको होते, फिरायला जायला नको होतं. घरातली मोडकी वस्तू पहिली आपल्याकडे यावी, एवढंच तिला हवं होतं. ती तशी येतही होती. मग दिराने लग्न केलं आणि धाकटी आली.

धाकटी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे बसायची, नावं पुकारायची, दुपारी घरी यायची. वाईट खोड एकही नाही. हीच तर पंचाईत होती. आळशी असती, उद्धट असती, तर थोरलीला किती बरं वाटलं असतं. पण बया पहाटे उठायची, भांडी घासायची, "ताई, तुम्ही बसा" म्हणायची आणि वर हसायची. थोरलीच्या मनात आलं, हिला दात दाखवायचा पगार मिळतो की काय.

तरी तेही चाललं असतं. पण एका दुपारी धाकटीने मागच्या बाल्कनीत एक फळी ठोकली आणि तिच्यावर डबे मांडले. धाकटीला कागदकामाचा छंद होता. ती छोट्या वह्या शिवायची, त्यांच्यावर ठसे उमटवायची. आणि हत्यारं कसली? मुदत संपलेलं बँकेचं कार्ड कागदाची घडी पाडायला. खोडरबर कोरून केलेले ठसे. ते धरायला टूथपेस्टची टोपणं चिकटवलेली. औषधाची बाटली शाई फिरवायला. थोरली दारात उभी राहून बघत राहिली. तिच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

आपल्यासारखं दुसऱ्याने केलं की माणसाला आनंद व्हावा, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं. थोरलीला वाटलं, माझ्या ताटातला घास कुणी उचलून नेला. तिच्या खणात सगळं कोंबलेलं असायचं; धाकटीच्या फळीवर प्रत्येक डब्याला चिकटपट्टी, तिच्यावर सुरेख अक्षर. थोरली काही केलं की बोलायची नाही. धाकटी केलं की सगळ्यांना बोलावून दाखवायची, आणि सगळे जायचे. सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर बस चालवलेला माणूस, कशालाही चटकन बरं न म्हणणारा, तो त्या फळीसमोर स्टूल घेऊन बसायला लागला. "धाकटीचं डोकं चालतं हां," ते एकदा जेवताना म्हणाले. थोरलीने पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं.

पहिली वस्तू चुकली ती नवऱ्याकडून. त्याचं पेन संपलं, तो उठला, आणि खणाकडे येता येता बाल्कनीकडे वळला. "तिला नळी हवी होती म्हणे," तो म्हणाला. थोरलीने सुईत दोरा ओवला. पण त्या रात्री त्याच्या ताटात मिठाचं प्रमाण बिघडलं, आणि ते चुकून बिघडलं असं मी म्हणणार नाही.

मग रेडिओचं झालं. बाबांचा खिशातला रेडिओ कायमचा मुका झाला. थोरली भाजी चिरत होती आणि धाकटी बाहेर निघाली होती. बाबांनी रेडिओ धाकटीच्या हातात दिला आणि सवयीने म्हणाले, "हा टाकून दे गं." धाकटीने तो घेतला आणि सरळ जिना उतरली. थोरलीने खिडकीतून पाहिलं, तिने तो कचऱ्याच्या पेटीत सोडला. आत चांगला स्पीकर, त्याच्यात चांगलं लोहचुंबक. एक हाक मारली असती तरी वाचलं असतं. थोरलीने हाक मारली नाही.

कारण तिच्या एकदम लक्षात आलं होतं, हिला आपला शब्द माहीत नाही. हिला फळी ठोकता येते, ठसे कोरता येतात, बाबांना हसवता येतं, पण टाकणं म्हणजे काय ते येत नाही. म्हणजे अजून ही घरातली झालेली नाही. थोरलीला इतकं गार वाटलं की गेलेल्या लोहचुंबकाचं दुःखही वाटलं नाही. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "रेडिओ टाकला ना धाकटीने?"

"टाकला की," थोरली म्हणाली. आणि यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतर ती जपायला लागली. धाकटी आसपास असली की ती तो शब्दच काढायची नाही. "इकडे द्या," म्हणायची, किंवा स्वतः उठून घ्यायची. बाकीचे बोलून जायचे, पण त्यांच्या वस्तू ते स्वतःच टाकायचे, त्यामुळे धाकटीला उलगडा व्हायची वेळ आली नाही. सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. ते थोरलीने सासूबाईंच्या दागिन्यांसारखं कडीकुलपात ठेवलं.

मग छत्री मोडली.

ही बाबांची छत्री म्हणजे जुनी, लाकडी मुठीची, पोलादी काड्यांची. आजकालच्या छत्र्यांच्या काड्या वाकवल्या की मोडतात. ह्या काड्यांचं पोलाद घासलं तर केसाएवढा आकडा निघेल, हे थोरलीने लग्नाच्या पहिल्या वर्षीच हेरून ठेवलं होतं. त्या छत्रीवर तिचा इतका डोळा होता, की वारा सुटला की ती बाबांना मुद्दाम बाहेरची कामं सांगायची. छत्री काही मोडत नव्हती. आणि जेव्हा मोडली, बसच्या दारात अडकून चांगली उलटीपालटी झाली, तेव्हा थोरली लाँड्रीवाल्याकडे गेलेली होती.

"बाबा, छत्री कुठाय?" आल्या आल्या तिने विचारलं.

"धाकटीला दिली. ती म्हणाली, काड्यांचं काहीतरी करते."

"अहो पण ती मी..."

"तुला हवी होती का?" बाबांना खरंच आश्चर्य वाटलं. "बोलली नाहीस कधी."

आता बोलायचं काय? सासऱ्याची छत्री मोडायची वाट बघतेय म्हणून? थोरली उगीचच पडदा सारखा करायला लागली. धाकटी तेवढ्यात बाहेर आली, हातात काड्यांचा जुडगा. "ताई, तुम्हाला हव्यात का यातल्या? घ्या ना."

इथे हो म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. पण भीक घातल्यासारखं कुणी दिलेलं थोरली घेणार? तिच्या तोंडून भलतंच निघालं. "छे गं. मी आता विकतची हत्यारं आणणार आहे चांगली. हे भंगारात खेळणं तुम्हा लोकांना ठीक आहे, मला कामं असतात." असं म्हणून ती आत गेली, आणि आत जाऊन नुसतीच मोरीपाशी उभी राहिली. विकतची हत्यारं. तिने जन्मात विकतचं हत्यार घेतलं नव्हतं.

त्यानंतर बाल्कनीतून कानशीचा खरखर आवाज यायला लागला. धाकटी काड्या घासत होती. थोरली तिकडे पाठ करून बसायची, पण पाठीला कान फुटल्यासारखं तिला सगळं ऐकू यायचं. आता टोक काढतेय. आता वाकवतेय. इतकं जोरात घासू नये, तापतं, कच्चं पडतं, असं तिच्या ओठापर्यंत यायचं. ती ओठ दाबून धरायची.

आणि एका दुपारी लाँड्रीवाला धापा टाकत जिना चढून आला. त्याच्या हातात एक राखाडी कोट होता, कोपराच्या खाली बाहीला जळून भोक पडलेलं. "माझ्या पोऱ्याच्या हातून नव्हे, माझ्याच हातून झालंय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार. मला वाचवा." तो इतका घाबरलेला होता की बसेचना. टेबलावर थोरलीचा पसारा होता. डब्याच्या झाकणात बल्ब, फिल्मचे तुकडे, चुंबक, कंगवा, आकडा, सगळं काढून ठेवलेलं. कोट पसरायला जागा नव्हती. धाकटी पाणी घेऊन आली होती. थोरलीने भोकावरची नजर न काढता झाकण उचलून तिच्या हातात दिलं.

"हे टाकून दे गं."

"सगळं?"

"सगळं."

"ताई, बल्बसुद्धा?"

"बल्ब आधी. जपून टाक, काच आहे."

धाकटीने झाकणाकडे पाहिलं. तिला विकतच्या हत्यारांचं बोलणं आठवलं असणार. "नक्की ना ताई?"

"दोनदा सांगू का आता?"

धाकटीने बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळला, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला काच लागू नये म्हणून. मग सगळं घेऊन ती जिना उतरली. लाँड्रीवाला तोवर कोटाबद्दलच बोलत होता, आणि थोरली आतल्या शिवणीत कुठला धागा निघेल ते शोधत होती.

तो गेल्यावर थोरलीने खण उघडला. आत नुसती पेनं आणि बटणं. तिने खण पूर्ण ओढून काढला, उलटा केला. मग तिने विचारलं, अगदी हळू आवाजात, "अगं, बल्ब कुठे ठेवलास?"

"टाकला," धाकटी म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना?"

दोघी जिना उतरल्या. पेटी रिकामी होती. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती आणि पेटीच्या बुडाशी ओला डाग होता. धाकटी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपत राहिली. थोरली तिच्या मागे उभी होती. "मुद्दाम केलंस," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माझ्या खणावर डोळा होता तुझा. सगळं घर तर घेतलंस, एक बल्ब राहिला होता." आजूबाजूच्या दोन खिडक्या उघडल्या. थोरलीला त्याची शुद्ध नव्हती. धाकटी ओल्या हातांनी तशीच उभी राहिली आणि रडायला लागली.

वर आल्यावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, टाकणं म्हणजे खणात टाकणं. आमच्याकडे तसंच म्हणतात." ते धाकटीला म्हणाले. "तुला कुणी सांगितलं नाही?"

धाकटीने नाही म्हणून मान हलवली. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तो रेडिओ...?"

बाबा थोरलीकडे वळले. "थोरले, रेडिओ टाकला म्हणालीस ना तू?"

थोरली उलटा केलेला खण परत टेबलात बसवायला लागली. नवरा तिच्याकडे बघत होता, दीर जमिनीकडे बघत होता. "सांगायचं राहून गेलं," ती म्हणाली. राहून काही गेलं नव्हतं. तिने एक शब्द लपवला होता, आणि त्याच शब्दाने सासूबाईंचा बल्ब तिने स्वतःच्या हातांनी कचऱ्यात घातला होता. तसे बल्ब आता मिळतही नाहीत, आताचे सगळे प्लास्टिकचे. हे तिचं तिला कळलं होतं, आणि बहुतेक धाकटीलाही. पण धाकटी मोरीकडे वळली. नळाखाली हात धूत राहिली.

कोट मात्र टेबलावर तसाच होता. सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. बाहीत घालायला काही नाही, धागा ओढायला आकडा नाही. थोरली बराच वेळ नुसती सुई धरून बसली. तिने वाटी घालून पाहिली, वाटी सरकली. चमचा घालून पाहिला. शेवटी उठली आणि बाल्कनीच्या दारात जाऊन उभी राहिली. हे दहा पावलांचं अंतर नसेल, पण तिला जिना चढल्यासारखा दम लागला.

"तो छत्रीचा आकडा," ती फळीकडे बघून म्हणाली. "झालाय का?"

धाकटीने एक डबा उघडला. काडीचं टोक तिने घासून वाकवलं होतं, आणि दुसरं टोक तापवून जुन्या टूथब्रशच्या दांड्यात रुतवलं होतं. दांड्याला अंगठा टेकायला खळगा होता. थोरलीने तो हातात घेतला आणि लगेच तिला कळलं. टोक तापून कच्चं पडलं नव्हतं. तिच्या सायकलच्या तारेच्या आकड्यापेक्षा हा बारीक होता, आणि धरायला इतका बरा की बोट दुखायचं कारणच नव्हतं. तिला वाटलं, आत्ता हा वाकडा निघाला असता तर मी हिला सगळं माफ केलं असतं.

"आणि बाहीत घालायला काही चालेल का?" धाकटी दबकत म्हणाली. तिने छत्रीची मूठ पुढे केली, वाकडी, लाकडी, वर्षानुवर्षं बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेली. थोरलीने ती बाहीत सरकवली. वळण नेमकं भोकाखाली येऊन बसलं. इतकी वर्षं त्या छत्रीकडे बघताना तिला काड्या दिसल्या होत्या. मूठ कधी दिसलीच नव्हती.

कोट झाला. भोक शोधायला लाँड्रीवाल्याने बाही उजेडात धरून फिरवली आणि हात जोडले. थोरलीने नाक मुरडलं, पण नेहमीसारखं जमलं नाही.

तो गेल्यावर तिने आकडा आणि मूठ उचलली, आणि धाकटीला हाक मारली. धाकटी लांबच उभी राहिली. "काम झालं," थोरली म्हणाली. "हे टाकून दे."

"कुठे?" धाकटीने विचारलं. आवाजात अजून राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

थोरलीने खण उघडला. आत पेनं आणि बटणं तेवढी होती. "इथे," ती म्हणाली. "या घरात टाकायचं ते इथे. फेकायचं ते खाली." इतकं एक वाक्य. धाकटीने दोन्ही वस्तू खणात ठेवल्या, खण सारला आणि बाल्कनीत गेली.

आता इथून पुढे दोघी बहिणींसारख्या राहू लागल्या असं मी सांगितलं तर तुम्ही हसाल. थोरलीच्या पोटात दुखायचं ते दुखतच होतं. बाबा स्टूल घेऊन फळीसमोरच बसत होते. थोरली खिडकीतून ते बघायची आणि दोरा जरा जास्तच ओढायची.

काही दिवसांनी बाबांच्या चष्म्याची दांडी तुटली. नवा चष्मा आला. जुना हातात घेऊन ते बाल्कनीत गेले. थोरलीला पाठमोरी बसूनही सगळं ऐकू येत होतं. चष्म्याचं भिंग. धागे मोजायला, बारीक वीण बघायला, तिच्या डोळ्यांना आता हवंच होतं. तिने सुई तशीच धरून ठेवली. मागणार नव्हती. जीव गेला तरी मागणार नव्हती.

"धाकटे, हा घे, तुला उपयोगी पडेल," बाबा म्हणाले.

कानशीचा आवाज थांबला.  भिंग धाकटीलाही हवं असणार, ठसे कोरायला. कुणाला नको असतं?

"टाका ना, बाबा," धाकटी म्हणाली.

बाबा परत आले. त्यांनी थोरलीच्या शेजारचा खण उघडला, चष्मा आत ठेवला, खण सारला. कानशी पुन्हा सुरू झाली. तो शब्द धाकटीच्या तोंडी असा आला, जणू ती त्याच घरात जन्मली होती. आणि एवढं मोठं मन ही बया आणते तरी कुठून, याचाही थोरलीला हेवा वाटला. तिने खण उघडून चष्मा डोळ्यांना लावला, आणि तिला पुढ्यातलं काही नीट दिसेना, म्हणून तो काढून पदराला पुसला, मग डोळेही पुसले.